डॉक्टरनं लिहिलं तेवढंच

बसा, या बाकावर बसा, चार तास मशीन चालते, तवर आपल्याले काही काम नाही. आमचं गाव नवेगावबांधपासून आत, पाच-सहा कोस, नाव सांगून काय करता, तिकडची यष्टी बी फाट्यावर सोडते अन् मंग पायी. घर बौद्ध मोहल्ल्यात, विहाराले लागून, म्हणून माझं नाव बी वंदना ठेवलं, सकाळची वंदना चालू होती अन् मी झाली असं माय सांगे म्हणतात. म्हणतात म्हणजे मले माय आठवत नाही धड. मी आठ वर्षांची होती तवा ती गेली, बाबा मुके झाल्यासारखे झाले, अन् घरात भाकर-भात कोण करल म्हणून दादाचं लगीन घाईनं उरकलं. वैनी आली तवा अठराची. मी आठ अन् ती अठरा, पाहा बरं, दहाच वर्षांचा फरक, अन् तेवढ्या फरकात ती माझी माय झाली. आल्या दिवशी नवरीचं तोंड पाहाले सारा मोहल्ला जमला होता अन् ही नवी नवरी पदर खोचून आंगणात माह्या डोक्यातल्या उवा काढून राहिली होती. बायका म्हणत, अवो नवरीबाई, हे काम उद्या बी होते. वैनी म्हणे, उद्या तिची शाळा आहे.

तिले मूलबाळ झालं नाही. दोनदा राहिलं अन् दोनदा गेलं. दुसऱ्यांदा गेलं तवा आमच्या उपकेंद्राची नर्सबाई दोन रात्री तिच्यापाशी बसली होती, तिनंच वाचवलं, तवापासून वैनीच्या मनात नर्सबाई म्हणजे मोठी गोष्ट. माह्या बारावीनंतर दादा म्हणे डी.एड. करू दे, वैनी म्हणे नाही, बाई नर्सच होईल. ती मले बाईच म्हणते, नणंद म्हणून, लहानपणापासून, शेंबूड पुसतानी बी बाईच म्हणे. मंग इथंच गोंदियाले तीन वर्षं नर्सिंग केलं. त्या तीन वर्षांत वैनीनं उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत, धानाच्या वावरात, चिखलात वाकून रोवणे केले, अन् मले दर महिन्याले डब्यात चटणी अन् सुक्या मासोळ्या पाठवल्या. शिकली मी चांगली, खोटं कायले बोलू. आमच्या ट्यूटर मॅडम म्हणत, पोरींनो, पेशंटपाशी गेल्यावर पह्यले हात लावा, मंग कागद पाहा. पाय सुजला असल तर बोटानं दाबा, खड्डा राहते का पाहा. ते मले लय जमे. हात लावला का मले समजत होतं.

पण पगार किती, सांगा. इथल्याच एका खाजगी दवाखान्यात लागली, बारा तासाची ड्युटी, आठ हजार. त्यातले तीन खोलीले, दोन खाण्याले. मालक डॉक्टर म्हणे सिस्टर शिका, अनुभव घ्या. अनुभव घेऊन घेऊन दोन वर्षं झाले, पगार झाला नऊ. तवा माह्या बॅचची एक पोरगी भेटली, ती हैदराबादले होती, हातात मोठा मोबाइल, पायात बूट. ती म्हणे, अवं कोडिंग कर. नर्सिंगवाल्यांले लवकर घेतात, शरीराचं ज्ञान असते ना आपल्याले. मी म्हटलं, कम्प्युटर प्रोग्रामिंग माह्यानं नाही होत. ती हासून राहिली. म्हणे ते नाही, हे मेडिकल कोडिंग.

आता तुमाले बी समजावून सांगतो, कारण कोणालेच समजत नाही. अमेरिकेत माणूस डॉक्टरकडं गेला का डॉक्टर त्याचा सारा कागद लिहिते, काय झालं, काय तपासलं, काय दिलं. तो कागद इकडं येते, कम्प्युटरवर. त्याले चार्ट म्हणतात. आम्ही तो वाचायचा अन् प्रत्येक बिमारीले, प्रत्येक तपासणीले जो ठरलेला आकडा असते तो लावायचा. तो आकडा पाहून मंग तिकडची विमा कंपनी पैसे देते. बस, एवढंच. रोगी आमाले दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही, नाव बी झाकलेलं राहते कधी कधी.

नागपूरले तीन महिन्यांचा क्लास केला, मंग हैदराबाद. शिकाऊ होती तवा चौदा हजार. मंग सर्टिफिकेटची परीक्षा असते, इंग्लिशमंदी, फी डॉलरमंदी, तीत पह्यल्या बारीले नापास झाली अन् दुसऱ्या बारीले पास, तवा बावीस झाले. दोन वर्षांत तीस. आता क्वालिटीमंदी आहो, दुसऱ्यांनं लावलेले कोड तपासतो, हातात अठ्ठेचाळीस येते. पह्यल्या पगाराचा मी वैनीले फोन घेऊन दिला. तिनं तो पंधरा दिवस डब्यातच ठेवला, म्हणे पाणी लागल.

अन् कोड किती, हजारो. बदकानं मारलं त्याचा बी कोड आहे, आईशप्पथ. डुकरानं धडक दिली त्याचा आहे. वैनीले सांगतलं तर ती पोट धरून हासली, म्हणे आमच्या वावराच्या धुऱ्यावर रोज रानडुक्कर येते, त्याचे कोणी पैसे देत नाही, अमेरिकेत डुकराचे बी पैसे भेटते का. मंग दुसऱ्या दिवशी नळावर साऱ्या बायकांले सांगून आली. तिच्यामुळं गावाले माहीत झालं का वंदी अमेरिकेच्या डॉक्टराइचे कागद तपासते. ते बिल्कुल खोटं नव्हतं, पण गावानं त्याचा अर्थ काय काढला, का वंदी डॉक्टराइच्या वर आहे.

मले बरं वाटे, काऊन खोटं बोलू. घरी आली का लोक फाइली घेऊन येत. मोहल्ल्यातले, मंग कुणबी टोलीवरचे बी, जे आधी आमच्या आंगणात पाय ठेवत नव्हते ते माह्यासमोर एक्स-रे घेऊन उभे. बाई जरा पाहा ना. मी सांगो, काका, मी डॉक्टर नाही. ते म्हणत, माहीत आहे ना, तू डॉक्टराइच्या चुका पकडते. वैनी मांगं चहा मांडे अन् तिचं तोंड पाहाण्यासारखं होऊन राहे. मंग मोबाइलवर फोटो येणं सुरू झालं. रोज दोन-तीन. मी वाचो अन् डॉक्टरनं काय लिहिलं ते मराठीत सांगो. तेवढंच सांगो. पण ऐकणारा तेवढंच थोडी ऐकते.

आता एक गोष्ट आयका, हीच मुद्द्याची आहे. कोडिंगमंदी पह्यला नियम असा का डॉक्टरनं लिहिलं तेवढंच. त्यानं लिहिलं नाही तर ते नाही. रक्ताच्या तपासणीचा आकडा किती बी वाईट असू दे, आपण आपल्या मनानं बिमारी ठरवायची नाही. नवी होती तवा एका चार्टमंदी साखर तीनशेच्या वर होती, मी मधुमेहाचा कोड टाकला, नर्सची अक्कल. ऑडिटरनं बोलावलं. तेलुगू बाई होती, हिंदीत म्हणे, डॉक्टर ने कहाँ लिखा है, दिखाओ. नव्हतं लिहिलं. म्हणे, आप डॉक्टर हो क्या. चूक मांडली, त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला. अशा तीन चुका झाल्या अन् मी माह्या डोळ्याले वळण लावलं. चार्ट उघडला का आकड्याइचं पान सोडायचं, खाली जायचं, डॉक्टरचा निकाल पाहायचा. आठ वर्षं हेच केलं, रोजचे ऐंशी-शंभर चार्ट, अन् मंग दुसऱ्याइले बी हेच शिकवलं. मी बी पोरीइले विचारो, आप डॉक्टर हो क्या.

तर मागच्या पावसाळ्याची गोष्ट. रोवणे चालू होते. वैनीले थकवा येऊन राहिला होता, कंबर दुखे, दम लागे, ती दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणे अन् खाऊन चिखलात उतरे. सारे रोवणेवाल्या बायका खातात, त्याच्याबिगर आठ-आठ तास वाकून राहणं होत नाही. मंग एक दिवस बांधीतच बसली. दादानं तिले तालुक्याच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं चिठ्ठीवर लिहिलं अशक्तपणा, रक्त तपासाले लावलं, अन् म्हणे रिपोर्ट आला का घेऊन या. चांगला डॉक्टर, त्याचा काही दोष नाही. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. आता परत जाणं म्हणजे एक दिवस मोडते, दोघाइची मजुरी जाते, रोवाले उपटलेले धानाचे पऱ्हे वाळून राहिले. वैनी म्हणे, कायले जाता, आपली बाई आहे ना. दोन फोटो काढले अन् मले पाठवले, चिठ्ठीचा अन् रिपोर्टचा.

मी ड्युटीवर होती. महिन्याचा शेवट, माह्या टीमचे चार्ट मांगं पडून राहिले होते, मॅनेजर डोक्यावर. मोबाइल तर आत नेऊ देत नाहीत, जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन पाह्यला. एका हातात पोळी. रिपोर्ट उघडला, आकडे होते, माहे डोळे त्याच्यावरून सरकले, चिठ्ठीवर गेले, अशक्तपणा. मी लिहिलं, काही विशेष नाही लिहिलं वैनी, अशक्तपणा आहे, टॉनिक घे. अन् अंगठा पाठवला. दोन मिनिटं बी नाही लागले.

आकडा मले दिसला नाही असं नाही, हे मी आता सांगून राहिली, मागच्या महिन्यापर्यंत कोणाले सांगतलं नव्हतं. दिसला. क्रिएटिनिन म्हणून असते, किडनीचा आकडा, तो दुपटीच्या वर होता, ठळक छापला होता. नर्सिंगच्या पह्यल्या वर्षाची पोरगी बी थांबली असती. ती म्हणली असती, वैनी, त्या दुखण्याच्या गोळ्या किडनी खातात, आत्ताच्या आत्ता बंद कर अन् गोंदियाले ये. मले दिसला अन् तो माह्या डोक्यात गेलाच नाही, कारण कोणी डॉक्टरनं त्याच्यासमोर काही लिहिलं नव्हतं. अन् वैनी माह्या शब्दावर चार महिने गोळ्या खात राहिली, रोवणे केले, निंदण केलं, कापणी केली. काही विशेष नाही, असं मीच लिहिलं होतं ना.

कापणी झाल्यावर दादाचा फोन आला. वैनीचं तोंड सुजलं, उलट्या होऊन राहिल्या, पाणी बी टिकत नाही. मी रात्रीची गाडी धरून आली. इथंच आणलं होतं तिले. मी तिच्या पायाले बोट लावलं तर बोट आत गेलं अन् खड्डा तसाच राहिला. इतक्या वर्षांनी कोणाच्या पायाले हात लावला होता मी. डॉक्टर बाहेर आले, म्हणे दोन्ही किडन्या गेल्या, आता डायलिसिसची मशीन, आठवड्यातून दोनदा, जिंदगीभर. मंग त्याइनं विचारलं, आधीचा काही रिपोर्ट आहे का.

दादा माह्याकडं पाहून राहिला. रिपोर्टचा कागद घरी पावसात भिजून गेला होता, फोटो माह्या मोबाइलमंदी. मी उघडला. वरतं रिपोर्ट, खालतं माझं उत्तर अन् तो अंगठा. मी बाजूले सरकली, भिंतीकडं तोंड केलं, अन् फोटो कापला, माझं उत्तर दिसू नये म्हणून, अन् मंग डॉक्टरले दाखवला. त्याइनं पाह्यलं, मोठा श्वास घेतला. म्हणे तवाच आले असते तर ह्या मशीनले कैक वर्षं लांब ठेवता आलं असतं. हा रिपोर्ट कोणी पाह्यला नव्हता का. मी मोबाइल बंद करून पर्समंदी टाकला. दादा म्हणे, नाही साहेब, रोवण्याच्या घाईत राहून गेलं, माझी चुकी आहे.

दादाले माहीत होतं. त्यानंच फोटो काढले होते, त्यानंच माझं उत्तर वैनीले वाचून दाखवलं होतं. त्यानं माह्याकडं पाह्यलं बी नाही. अन् डॉक्टर बोलले ते वैनीच्या कानावर गेलं. तिले वाटलं, बाईनं तर बरोबर वाचलं असल, तालुक्याच्या डॉक्टरनं परत बोलावलं होतं, यानंच नेलं नाही. कायले जाता असं आपणच म्हटलं होतं, ते ती विसरली.

मंग सुरू झालं. दर मंगळवारी अन् शुक्रवारी ते दोघं पह्यल्या यष्टीनं येतात, मी माह्या खोलीवरून येतो, घरूनच काम करतो आता, हैदराबाद सोडून इथं खोली केली. हाताले सुई टोचली का वैनी दादाले बोलणं सुरू करे. हसत हसत बोले, तेच वाईट. बाजूच्या खाटेवरच्या बाईले सांगे, आमच्या बुवाले बांधी मोठी वाटली, बायको नाही. एक दिवस मोडला असता तर आज मी इथं नसती. दादा पायाच्या अंगठ्याकडं पाहात राहे. आधी आत बसे, मंग तो दाराच्या बाहेर बसाले लागला. मंग तिथून बी उठून गेटपाशी चहाच्या टपरीवर. चार महिने. मी मधात बसून दोघाइले पाहात होती अन् संत्रं सोलत होती, अन् डायलिसिसवाल्याले संत्रं चालत नाही, ते बी सिस्टरनं येऊन सांगतलं, मले.

गावातल्या पोरी आता बी येतात. ताई, कोडिंग करू का. मी पगार सांगतो, खरा सांगतो, सुरवातीले बारा-पंधरा, सर्टिफिकेट झालं का वाढते, आता कम्प्युटर स्वतःच अर्धे कोड लावते म्हणून भरती कमी होऊन राहिली, तेही सांगतो. करा म्हणतो. नको कोणत्या तोंडानं म्हणू. माह्या बॅचची एक जण गावातल्याच सरकारी केंद्रावर नर्स लागली, तिचा पगार माह्याएवढाच झाला, अन् लोकं तिचे पाय धरतात. मी थांबली असती तर, असं लय वाटते. पण आठ हजारांत कितीक थांबणार होती मी. ते बी खरं आहे ना.

मागच्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवार होता. दादाले ताप होता अन् तरी आला होता. वैनी बोललीच त्याले, आता ताप काढून बसले, म्हणे मले कोण नेईल. त्यानं शाल घेतली अन् तो टपरीकडं गेला. मी त्याची पाठ पाह्यली. बुढ्ढा झाला माझा दादा. मी खाट धरून उभी राहिली अन् वैनीले म्हटलं, दादाची चुकी नाही. तुमी मले रिपोर्ट पाठवला होता, मी आकडा पाह्यला, मी सोडला. सारं सांगतलं, पोळी, अंगठा, फोटो कापला ते बी. रडत नव्हती मी, सांगून राहिली होती फक्त.

तिले पह्यले समजलं नाही. मंग तिचा मोकळा हात माह्या मनगटावर आला. म्हणे, बाई, तुई नोकरी तर नाही ना जाणार याच्यापायी. मी म्हटलं, नाही वैनी, नोकरीचं काही नाही. तिनं श्वास सोडला, म्हणे मंग ठीक आहे. अन् मशीनच्या नळीकडं पाह्यलं, लाल रक्त जाऊन राहिलं होतं त्यातून. मंग हळूच हात काढून घेतला. म्हणे, चार महिने मी त्या माणसाले बोलून राहिली, अन् तू आयकून राहिली होती.

एवढंच बोलली. मशीन बंद झाल्यावर दादाले तिनं आपल्या डब्यातला भात दिला, अन् तो म्हणे मले ताप आहे, भूक नाही, तर वैनी म्हणे खाऊन घ्या, बोलाचं होतं ते बोलून झालं माझं.

आता बोलते ती माह्यासंगं, पह्यलेसारखीच. बाई जेवली का, बाई झोपली का. रागाचं काही नाही. पण दर महिन्याले रक्ताचा रिपोर्ट निघते ना, इथल्याच खिडकीवर. आधी तो मी घेत होती. आता ती दादाले पाठवते. दादा चौथी शिकलेला, इंग्लिशचं एक अक्षर येत नाही, तो कागद दोन्ही हातात धरून डॉक्टरच्या दारापाशी लाइनमंदी उभा राहते, अन् मी इथं बाकावर. तो पाहा, तो निळ्या शर्टातला, तोच. बरोबरच आहे तिचं. ठीक आहे, जिती आहे ती, माह्यासंगं बोलून राहिली, मले तेवढं बस झालं. तुमी इतका वेळ आयकलं, तुमच्या घरचे सारे हिंडते-फिरते राहोत. जयभीम.